गुणाकार ६ असेल, तर प्रत्येक कंस ६ बरोबर का ठेवता येत नाही?

नवशिका:
वर्गसमीकरणे अवयव पाडून सोडवण्याचा सराव मी नुकताच सुरू केला आहे. (क्ष − ३)(क्ष + २) = ० असे समीकरण असले, की प्रत्येक कंस शून्याबरोबर ठेवून ३ आणि −२ ही मुळे मिळतात, इथपर्यंत अडचण नाही. काल मात्र (क्ष − ३)(क्ष + २) = ६ हे उदाहरण समोर आले, तेव्हा मी त्याच रीतीने क्ष − ३ = ६ आणि क्ष + २ = ६ असे मांडून ९ आणि ४ ही उत्तरे काढली. उत्तरसूचीत ४ आणि −३ दिली आहेत. माझी रीत चुकीची असेल तर ४ बरोबर कसे आले, आणि बरोबर असेल तर ९ का चुकले?

मूळपुरुष:
रीत चुकीचीच आहे. ४ योगायोगाने जुळले. दोन संख्यांचा गुणाकार ० असेल, तर त्यांपैकी निदान एक ० असलीच पाहिजे, आणि ती एकदा ० झाली, की दुसरी कितीही असली तरी गुणाकार बिघडत नाही. हा गुणधर्म फक्त शून्याचा आहे. गुणाकार ६ असेल, तर त्या संख्या २ आणि ३ असतील, १२ आणि १/२ असतील, किंवा −६ आणि −१ सुद्धा असतील. त्यातली एक ६ धरली, तर दुसरी १ असावीच लागते. क्ष + २ = ६ धरल्यावर क्ष − ३ ची किंमत नेमकी १ आली, म्हणून तुम्ही वाचलात; क्ष − ३ = ६ धरल्यावर दुसरा कंस ११ झाला आणि गुणाकार ६६ वर गेला. उजवीकडे ६ ऐवजी १४ ठेवून पाहा: तुमच्या रीतीने १७ आणि १२ येतील आणि दोन्ही चुकतील, कारण खरी मुळे ५ आणि −४ आहेत.

तेव्हा आधी कंसांचा गुणाकार करून सर्व पदे डावीकडे आणावीत. क्ष² − क्ष − १२ = ० मिळते, त्याचे अवयव (क्ष − ४)(क्ष + ३) होतात, आणि आता उजवीकडे ० असल्यामुळे कंस वेगळे करण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.

पाटीपेन्सिल:
याच मुद्द्याची दुसरी बाजू म्हणजे क्ष² = ५क्ष. येथे दोन्ही बाजूंना क्ष ने भागून बहुतेक जण ५ एवढेच उत्तर लिहितात, परंतु क्ष स्वतः ० असण्याची शक्यता असताना त्याने भागता येत नाही, आणि भागल्यामुळे नेमके तेच मूळ हरवते. क्ष(क्ष − ५) = ० असे लिहिले, की दोन्ही मुळे हाती राहतात.

नवशिका:
आता उलगडा झाला. पण २क्ष² + ३क्ष − ४ = ० मध्ये गुणाकार −८ आणि बेरीज ३ असणारी पूर्णांकांची जोडी मला सापडत नाही. अशा वेळी काय करावे?

अंकवेडा:
ती जोडी नाहीच. सूत्र पाठ असेल तर वापरावे, परंतु त्याआधी श्रीधराचार्यांची रीत एकदा हाताने करून पाहावी, असे माझे मत आहे. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ उपलब्ध नसला, तरी बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी हा नियम त्यांच्या नावाने उद्धृत केला आहे. स्थिरपद उजवीकडे नेऊन दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे ८ ने गुणावे, आणि मग मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग, म्हणजे ९, दोन्हीकडे मिळवावा. १६क्ष² + २४क्ष + ९ = ४१ झाले, म्हणजेच (४क्ष + ३)² = ४१, आणि वाटेत एकही अपूर्णांक आला नाही. यावरून ४क्ष + ३ = ±√४१, म्हणून क्ष = (−३ ± √४१)/४.

यातले ± हे चिन्हही वर सांगितलेल्या शून्याच्या गुणधर्मातूनच येते. ४१ डावीकडे आणल्यास (४क्ष + ३ − √४१)(४क्ष + ३ + √४१) = ० असा गुणाकार होतो, आणि केवळ धन वर्गमूळ घेणारा विद्यार्थी त्यातला दुसरा कंस नकळत टाकून देतो. ताळा करायचा असेल, तर मुळांची बेरीज −३/२ आणि गुणाकार −२ येतो का ते पाहावे.

नवशिका:
ताळा केला. बेरजेत √४१ उडून −६/४ उरले, आणि गुणाकार (९ − ४१)/१६, म्हणजे −२ आला.