मदत हवी आहे: रडरच्या स्पारमधलं भोक लांबट झालंय

जालन्यात घरामागच्या शेडमध्ये झेनिथ सीएच ७५० या छोट्या विमानाचं किट जोडतोय. सध्या रडर (शेपटीचा उभा, वळणारा भाग), म्हणजे अगदीच सुरुवात. परवा त्याच्या स्पारला (आतल्या मुख्य कण्याला) ड्रिल मारताना लाईट गेली. बटण लॉकमध्येच राहिलं, बिट भोकात. लाईट आली तसं ड्रिल सटकलं आणि ३.२ मिमीचं भोक अंड्यासारखं झालं. (आता लाईट गेली की आधी पिन काढतो. उशिरा सुचलेलं शहाणपण.)

४ मिमीचं केलं तर भोक गोल होतं. भंगार तुकड्यावर ४ मिमीचा रिव्हेट लावून पाहिला, घट्ट बसतो. पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड ७ मिमीवरच आहे. व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ८ तरी हवी. शेजारची भोकं ४० मिमीवर आहेत, ती ठीक आहेत.

पत्रा ६०६१-टी६ ग्रेडच्या अ‍ॅल्युमिनियमचा आहे. इथल्या बाजारात ग्रेड कोणी लिहून देत नाही, म्हणून घरी नवा स्पार वाकवणं बाद. कंपनीला फोटो पाठवलेत, उत्तर यायचंय. डीजीसीएच्या (विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याच्या) कागदांचं विचारत नाहीये.

स्वतः असं काम केलेल्यांनी सांगा: किटमधल्या उरलेल्या पत्र्याचा डबलर (मजबुतीसाठी जोडतुकडा) मागून लावून दोन्ही बाजूंना एकेक जादा रिव्हेट मारला तर चालेल, की स्पारच नवा मागवू?