मदत हवी आहे: धनुष्याने हरणाच्या शिकारीसाठी हँग-ऑन ट्री स्टँड कोणता घ्यावा? (मिशिगन)

ग्रँडरिव्हर:
१ ऑक्टोबरला मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम उघडतो, त्याआधी हँग-ऑन स्टँड (पट्ट्यांनी झाडाला टांगायची छोटी बैठक) घ्यायचाय. माहिती अशी:

जागा लोअर पेनिन्सुलातलं (मिशिगनच्या दक्षिण भागातलं) सरकारी जंगल. कंपाउंड धनुष्य, उजव्या हाताचं. माझं वजन १९५ पौंड. गाडी लावल्यावर पाऊण मैल चाल. ३२ इंची ३ क्लाइंबिंग स्टिक्स (झाडाला बांधून चढायच्या, पायऱ्या असलेल्या काठ्या) आधीच आहेत. १८ फुटांवर बसायचा विचार आहे.

हरणांच्या वाटेजवळ तीन झाडं आहेत. छातीच्या उंचीवर १४ इंच व्यासाचा रेड ओक (किंचित कललेला), १२ इंचांचा सरळसोट ॲश आणि १६ इंचांचा शॅगबार्क हिकरी.

स्टँड दोन निवडलेत. एक ॲल्युमिनियमचा, ११ पौंड, प्लॅटफॉर्म २० × २६ इंच. दुसरा स्टीलचा, १८ पौंड, २४ × ३० इंच. दोन्हींवर ३०० पौंडांची मर्यादा छापलीय. कोणता घेऊ? आणि झाड कोणतं?

खारूताई:
आधी झाड. ॲश रद्द. एमराल्ड ॲश बोरर हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो मिशिगनमध्येच, २००२ साली. वरून धडधाकट दिसणारा ॲशही सालीखाली पोखरलेला असू शकतो, आणि मेलेलं ॲशचं लाकूड फार लवकर ठिसूळ होतं. हिकरीही नको. त्याची साल लांब पट्ट्यांनी सुटत असते, त्यामुळे स्टँडचे दाते लाकडात न रुतता सालीत रुततात. वजन पडलं की साल सरकते, सालीबरोबर स्टँड.

उरला ओक. किती कललाय ते ओळंबा सोडून बघा. खोड ज्या बाजूला झुकलंय त्या बाजूला स्टँड लावलात तर खोड दिवसभर पाठीला पुढे ढकलत राहील. उलट बाजूला लावा, आणि प्लॅटफॉर्मची पातळी जुळवता येईल असा स्टँड घ्या. तुमच्या दोन्हींपैकी कोणत्यात ती सोय आहे, हे रंगापेक्षा आणि कपहोल्डरपेक्षा महत्त्वाचं.

व्यास छातीशी मोजून भागत नाही, खोड वर निमुळतं होतं. बरेचसे हँग-ऑन साधारण ९ ते २० इंच व्यासाला चालतात, तरी आपल्या स्टँडची पुस्तिका बघा.

दोरखंड:
३०० पौंडांत फक्त तुम्ही नसता. १९५ + थंडीचे कपडे नि बूट १२ + धनुष्य नि बाण ७ + पाठपिशवी १५ = २२९. म्हणजे दोन्ही स्टँड चालतील. हार्नेसवरची (पडल्यास धरून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांवरची) मर्यादाही वाचा, ती वेगळी असते.

खरी अडचण स्टिक्सची आहे. पहिली पायरी जमिनीपासून २ फुटांवर धरली आणि दोन स्टिक्समध्ये २ फुटांचं अंतर ठेवलं, तर ३ स्टिक्सची सगळ्यात वरची पायरी साधारण १४ फुटांवर येते. प्लॅटफॉर्म तिच्यापेक्षा थोडा खाली हवा, म्हणजे स्टँडवर उतरून पाय ठेवता येतो. खालून वर चढून पाय टाकायचा म्हणजे हाताने स्टँड ओढत स्वतःला वर घ्यायचं, आणि पडण्याची जागा नेमकी तीच. म्हणून १३ फुटांवर बसा किंवा चौथी स्टिक घ्या, मग वरची पायरी साडेअठराच्या थोडी वर जाते. मधलं अंतर वाढवून उंची चोरू नका. जाड पँट आणि जड बुटांत गुडघा तेवढा वर जात नाही.

पानगळ:
१८ फूट पुरे, जास्त नको. १८ फुटांवरून २० यार्डांवरच्या हरणाकडे ढोबळमानाने १७ अंशांचा उतार पडतो. २५ फुटांवरून १० यार्डांवर तोच ४० च्या घरात जातो. इतक्या तिरक्या बाणाला दोन्ही फुप्फुसं एकदम सापडणं अवघड, आणि एका फुप्फुसात लागलेलं हरीण फार लांब जातं.

उजव्या हाताने ओढणाऱ्याला बसल्या बसल्या डावीकडे सहज नेम धरता येतो. म्हणून स्टँड असा फिरवा की वाट डाव्या हाताला येईल. आणि वारा वाटेकडून तुमच्याकडे.

माझं मत ॲल्युमिनियमकडे. पाऊण मैल चालल्यावर ७ पौंडांचा फरक कळतो. स्टीलचा मोठा प्लॅटफॉर्म दिवसभर बसणाऱ्याला सुखाचा, पण तो खासगी जमिनीवर हंगामभर टांगून ठेवण्यासाठी बरा.

ग्रँडरिव्हर:
पटलं, ओक आणि चौथी स्टिक. टांगायचा क्रम कसा? स्टँडबरोबर फुकट मिळणारा हार्नेस चालेल का?

दोरखंड:
पूर्ण अंगाचा असेल आणि मुदत संपली नसेल तर चालेल, पण त्यात मिळणारे पट्टे गुंतागुंतीचे असतात. अंधारात घालता येत नाहीत म्हणून लोक घालतच नाहीत. पैसे उरले तर चांगल्या हार्नेसमध्ये घाला.

क्रम: जमिनीवरूनच हार्नेस आणि लाइनमन बेल्ट (चढताना झाडाभोवती टाकून कमरेला अडकवायचा पट्टा). एकेक स्टिक बांधत वर जा. वर पोचल्यावर झाडाभोवती टेदर (हार्नेसला झाडाशी जोडणारा पट्टा) बांधा, मगच दोरीने स्टँड वर ओढा. वरचा पट्टा आवळा, प्लॅटफॉर्म उघडा, केबल ताणल्या जाऊ द्या. मग प्लॅटफॉर्मवर वरून दाब द्या, दाते खोडात रुतले पाहिजेत. खालचा पट्टा विसरू नका. तो नसला की कोपऱ्यावर वजन पडताच स्टँडचा तळ बाजूला घसरतो.

टेदर डोक्याच्या उंचीवर किंवा वर. बसल्यावर त्यात ढील जवळजवळ नको, नाहीतर पडताना झटका जास्त बसतो आणि प्लॅटफॉर्मच्या खाली लोंबकळाल. लोंबकळत राहिल्यास मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, त्यासाठी पाय टेकवायचा छोटा पट्टा खिशात ठेवा. हे सगळं जमिनीपासून फूटभर वर, कुणालातरी जवळ उभं करून आधी करून बघा.

स्टँड लागला की वरून ३० फुटी लाइफलाइन सोडा. तिच्यावरची प्रुसिक गाठ (हाताने सरकते, पण वजन पडलं की आवळते) सरकवत चढायचं-उतरायचं, म्हणजे पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत तुम्ही बांधलेले असता. धनुष्य नेहमी दोरीनेच वर, बाणांची पाती झाकून.

खारूताई:
आवाजाचंही बघा. घरीच स्टँडवर उभे राहा, कुरकुरणाऱ्या प्रत्येक सांध्यात नायलॉनचा वॉशर घाला. धातूला धातू लागतो तिथे कापडी टेप. थंडीच्या पहाटे बकल खणकलं तर ते पार लांबवर जातं.

कायद्याचं_बोला:
सरकारी जमिनीवर झाडात काहीही ठोकायचं-पिळायचं नाही. स्क्रू-पायऱ्या, खिळे सगळं बंद, फक्त पट्टे. स्टँडवर नाव-पत्ता किंवा मिशिगन ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर, इंग्रजीत, जमिनीवरून वाचता येईल असा लावा. १५ ते ३० नोव्हेंबर बंदुकीचा हंगाम असतो, तेव्हा धनुष्यवाल्यांनाही नारिंगी घालावं लागतं. १ जानेवारी १९६० ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर सेफ्टीचा कोर्स लागतो.

एच-१बी व्हिसावाल्यांसाठी: बंदूक जवळ बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला अपवाद. धनुष्याला ती अडचण नाही. आणि भारतातून वाचणाऱ्यांनो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिकडे हरणाची शिकार गुन्हा आहे, इथलं मचाण तिकडे बांधू नका.

ग्रँडरिव्हर:
शेवटचं एक. स्टँड महिनाभर झाडावर राहिला तर?

दोरखंड:
साल दबते, पट्टा सैल पडतो. प्रत्येक वेळी पाय ठेवण्याआधी लाइफलाइनला बांधलेल्या अवस्थेत पट्टा परत आवळा. खारी आणि साळिंदरं पट्टे कुरतडतात, उन्हाने ते फिके पडले की बदलायचे. हंगाम संपताच काढून आणा. झाड जाड होत जातं, पुढच्या वर्षी तोच पट्टा तुटण्याइतका ताणलेला असतो.