वास गॅसचा की गटाराचा? (बडोदा, दांडिया बाजार, तळमजला)

तळमजल्यावरची:
जुनं घर आहे, स्वयंपाकघराला लागूनच मोरी, गॅस पाइपचा. पावसाळा लागल्यापासून सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास, पंखा लावला की जातो. आई म्हणते गटाराचा, बाबा म्हणतात गॅसचा, रोज चहाआधी हाच वाद. वरच्या मजल्यावर फ्लश केला की आमच्या मोरीत बुडबुड आवाज येतो. प्लंबर आला, अॅसिड ओतलं, पैसे घेऊन गेला. आधी बोलवायचं कोणाला?

रिटायर्ड_फिटर:
ताई, आधी तो पंखा लावणं बंद करा!! गॅस असेल तर बटणाची ठिणगीसुद्धा पुरते. वास आला की बटणांना हात नाही, दारं-खिडक्या उघडा, मीटरजवळचा कॉक बंद करा आणि बाहेर येऊन बिलावरच्या इमर्जन्सी नंबरला फोन लावा (सिलिंडरवाल्यांना १९०६). गटाराचाच निघाला तरी काही बिघडत नाही, नक्की कळेपर्यंत गॅसच समजायचं.
आता वास नसेल तेव्हाची टेस्ट. रात्री शेगडी, गीझर सगळं बंद करून मीटरचे शेवटचे आकडे लिहून ठेवा, कॉक मात्र चालू ठेवा, सकाळी आकडा हलला असेल तर गळती आहे. पण मीटरपर्यंत येणाऱ्या पाइपची गळती यात दिसत नाही, तिथल्या जॉइंटला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांचं ऐकू नका. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो, सिलिंडरचा जड, जमिनीलगत साचतो.

मोरीमास्तर:
बुडबुड आवाजावरून मला तरी ड्रेनेज वाटतंय. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात साधारण ५० मिमी पाणी कायम उभं असतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. वरून फ्लशचं पाणी धाडकन खाली गेलं आणि व्हेंट पाइप (ड्रेनेजला हवा देणारा, गच्चीवर उघडणारा) तुंबलेला किंवा मुळात नसलाच, की ते जाताना हवा ओढतं आणि तुमच्या ट्रॅपमधलं पाणीही सोबत नेतं. बादलीभर पाणी ओतून बघा, वास थांबतो का. सिंक, मोरी, संडास तिन्हीकडे पाणी सावकाश जात असेल तर चोकअप घरात नाही, पुढे घराबाहेरच्या ड्रेनेज चेंबरकडे आहे. विश्वामित्री नदी चढली की सखल भागात गटारं उलटी मारतात ते वेगळंच, २०२४च्या ऑगस्टमध्ये बघितलंय सगळ्यांनी.
अॅसिड परत नको, त्यात चुकून ब्लीच मिसळलं तर क्लोरिन होतो. आणि गटाराच्या गॅसने नाक बधिर होतं, वास यायचा थांबला म्हणजे गॅस गेला असं नाही.

अलकापुरीकर:
शेगडीची ज्योत निळी आहे ना? पिवळी येऊन भांडी काळी होत असतील तर बर्नर साफ करून घ्या. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो आधी बाहेर काढा, कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

तळमजल्यावरची:
मीटर हलला नाही, जॉइंटला फुगे नाहीत, ज्योत निळी. पाणी ओतल्यावर वास गेला पण वरच्यांच्या आंघोळी झाल्या आणि परत सुरू 😑 आई जिंकली.

मोरीमास्तर:
म्हणजे ट्रॅप ओढला जातोय. गच्चीवर जाऊन व्हेंटचं तोंड बघा, कबुतरं घरटं करतात तिथे. ते मोकळं निघालं तर चेंबर उघडून घ्या, पण माणूस आत उतरवायचा नाही, मशीनवाल्यालाच बोलवा. सुरक्षा साधनांशिवाय उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. आणि वरच्यांनाही खाली बोलवून दाखवा, पाइप कॉमन आहे, नाहीतर खर्च तुमच्याच गळ्यात पडेल.