मदत हवी आहे : पुण्यातल्या भावाची ई-सही खानापुरातल्या जागेच्या व्यवहाराला चालेल का?

नमस्कार मंडळी. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आमची वडिलोपार्जित जागा विकायची आहे. उताऱ्यावर माझं आणि धाकट्या भावाचं नाव. तो पुण्यात नोकरीला, रजा मिळत नाही. एजंट म्हणतो, "आधार ओटीपीनं सही करा, झालं काम." मला हे पटत नाही.

माझ्या माहितीप्रमाणे आयटी कायदा २००० नं ई-सहीला मान्यता आहे आणि जमीनविक्रीचे करार त्यातून वगळले होते, ते बंधन २०२२ साली उठलं. म्हणजे साठेखताला (विक्रीआधीच्या कराराला) चालावी. पण खरेदीखताची नोंदणी सुटत नाहीच. भावाच्या वतीनं दुसऱ्यानं सही करायची तर लागणारं मुखत्यारपत्र मात्र आपल्यासारख्यांसाठी अजून वगळलेलंच आहे, म्हणून ते कागदावरच करायचं.

आता अडलंय ते असं : नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे भावानं पुण्याच्या सब-रजिस्ट्रारसमोर मुखत्यारपत्र केलं, तर ते मराठीतलं चालेल की कन्नड भाषांतर जोडावं लागेल? कर्नाटकाच्या मुद्रांक शुल्कातला (स्टँप ड्यूटी) फरक भरावा लागतो का? आणि ई-सहीचं साठेखत कावेरीवर (कर्नाटकाच्या ऑनलाइन दस्तनोंदणी पोर्टलवर) कोणी चढवलंय का?

बेळगाव, निपाणी, खानापूरकडे कोणी हे नुकतंच केलं असेल तर कृपया सांगा. ओळखीचा वकील सुचवलात तरी उपकार होतील. घेणारा पार्टी घाई करतोय.