मुक्त सॉफ्टवेअर घरात आणि शाळेत: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

इंदिरानगर. सुरुवात माझ्यापासून करते.

२०२५ च्या दिवाळीच्या साफसफाईत आमचा जुना लॅपटॉप भंगारात निघायच्या बेतात होता. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले होते आणि विंडोज ११ त्यावर बसेना. प्रोसेसर जुना, टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिपही नाही. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरचे काका पेन ड्राइव्ह घेऊन खाली आले. हार्ड डिस्कला हात न लावता, पेन ड्राइव्हवरूनच त्यांनी लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली चालू करून दाखवली. वायफाय लागलं, आवाज आला, आईचं भजन वाजलं. आईच म्हणाली, "हेच टाका." चार जीबी रॅमवर ते आजही चालतंय.

फुकट मिळतं हे खरंच, पण 'मुक्त' या शब्दात त्याहून बरंच काही आहे. वापरायची, आत कसं चालतं ते बघायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची मोकळीक त्यात येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त संगणक प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला तो याच मोकळिकीसाठी. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचं लिनक्स, म्हणजे अशा प्रणालीचा गाभा, आलं. हे सगळं मी नंतर वाचलं. काका खाली आले नसते तर वाचलंही नसतं. म्हणून लिहिताना एवढं जरूर सांगा: कुठे अडलं, आणि अडलं तेव्हा कोण धावून आलं?

पेठ तालुका, जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक

शाळेला एका कंपनीकडून वापरलेले पाच संगणक मिळाले. दोन-दोन जीबी रॅम, इंटरनेट नाही, पावसाळ्यात विजेचा नेम नाही. नाशिकहून इंजिनिअरिंगची दोन मुलं एका रविवारी मोटारसायकलवर आली आणि पाचांवर डेबियन ही लिनक्सचीच एक प्रणाली टाकून गेली. सोबत मुलांच्या शैक्षणिक खेळांचं जीकॉम्प्रि, चित्रं काढायचं टक्स पेंट आणि लिहिण्या-हिशेबाचं लिब्रेऑफिस.

टक्स पेंटबद्दल जरा सविस्तर सांगतो. चित्र जतन करताना ते नाव विचारत नाही. पुन्हा उघडायला गेलं की आधीची चित्रं लहान होऊन समोर मांडली जातात. पोराने आपलं ओळखायचं आणि टिचकी मारायची. अजून लिहिता न येणाऱ्या लेकराचा केवढा विचार केलाय! दुसरीतल्या एका मुलीने आवणीचं चित्र काढलं. ओळीने वाकलेल्या सहा बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर इरलं. मग मला विचारते, "गुरुजी, चिखलाचा रंग कुठाय?" मी तपकिरी दाखवला. म्हणाली, "हा तर कोरडाय." रंगपट्टीत शोधून शोधून तिने करडा-हिरवट असा एक रंग निवडला. आमच्या खाचरांतला चिखल तसाच दिसतो.

"हे बाहेर कोण वापरतं, पोरं मागे पडतील," असं एका वरिष्ठांनी ऐकवलं. मी केरळचं उदाहरण दिलं. तिथे २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि पुढे सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच उभं राहिलं. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

नाशिकरोड, शाळेच्या कार्यालयात काम करते

आमच्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका युनिकोड (कुठल्याही संगणकावर मराठी वाचता येते ती पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होत्या. लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि कंस. लगेच सगळे म्हणाले, "फुकटचं असंच असतं." दोष लिब्रेऑफिसचा नव्हताच. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की मराठी गेली! भाच्याने एक परिवर्तक शोधून फाइली युनिकोडमध्ये आणून दिल्या. तरी जोडाक्षरं फुटलीच. ती हाताने नीट करायला मला महिना लागला.

त्या महिन्यात इनस्क्रिप्ट हा मराठी टाइप करायचा कळफलक शिकले, आणि का कोण जाणे इतकी वर्षं घाबरत होते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'के'वर क, शिफ्ट धरून तिथेच ख. 'आय'वर ग, शिफ्ट धरून घ. बाराखडी आधीच डोक्यात असते, बोटांना फक्त जागा दाखवायची. सगळ्यात आनंद झाला तो शिफ्ट धरून 'जे' दाबल्यावर मिळणाऱ्या 'ऱ'चा. जुन्या फाइलींत सह्याद्रीच्या 'दऱ्या' हमखास 'दर्या' व्हायच्या, म्हणजे डोंगराचा समुद्र. आता भूगोलाची प्रश्नपत्रिका माझ्याकडून तशी जात नाही.

कॉलेज रोड, कर सल्लागार

माझा अनुभव वेगळा आहे. ऑफिसात सहा महिने लिनक्स चालवलं आणि परत आलो. डिजिटल सहीचा डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा तुकडा) ओळखला जाईना, ग्राहक ज्यात हिशेब ठेवतात ते सॉफ्टवेअरही धड चालेना. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात मदत करायलाही कुणी नव्हतं. घरी मुलांसाठी मात्र लिनक्सच आहे.

येवला, पैठणी विणतो

वडील आलेखाच्या कागदावर नक्षी काढायचे. चौकोन मोजायचे, पेन्सिलने भरायचे, चुकलं की खोडायचे. खोडून खोडून कागद फाटायचा. मी हे गिंप या चित्रांच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये करतो. नवीन चित्र घ्यायचं, ग्रिड चालू करायची, पेन्सिल एका पिक्सेलची ठेवायची. एक पिक्सेल म्हणजे आलेखातला एक चौकोन. मुनिया, म्हणजे पैठणीवरचा पोपट, एका बाजूची काढली की आरशातल्यासारखी उलटवून दुसरी समोरासमोर बसते, मोजदाद चुकत नाही. मोराच्या मानेचा वळसा तेवढा अजून वडिलांना विचारूनच करतो. त्यांना स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून मोठा छापून देतो आणि ते बोटाने दाखवतात, "इथं दोन घरं आत घे."

हे मला माझ्या मेव्हण्याने शिकवलं, तो लग्नपत्रिका छापतो.

निफाड

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या, पण मे महिना, वर पंखा फुल. ऐकताना आजीपेक्षा पंखाच जास्त. ऑडॅसिटी या आवाजावर काम करायच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये असं करायचं: जिथे आजी श्वास घ्यायला थांबलीय, नुसता पंखा ऐकू येतोय, तेवढा तुकडा निवडायचा आणि त्याला सांगायचं की हा गोंगाट ओळखून ठेव. मग सगळं निवडून तोच गोंगाट कमी करायचा. पहिल्यांदा जास्त कमी केला तर आजीचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. दुसऱ्यांदा थोडा पंखा राहू दिला. बांगड्यांचा आवाज शाबूत राहिला, मला तो हवाच होता.

पंचवटी, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला

मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ-धड्यांच्या प्रकल्पातले मराठीतले धडे बघून मी बरंच काही शिकले. आमच्याकडे मुलांचा एक छोटा मुक्त प्रोग्रॅम होता. त्यात एका बटणावर लिहिलं होतं, 'चित्र ओढा'. माझी चौथीतली भाची खरंच माउसने चित्र ओढत बसली! कुणीतरी इंग्रजी 'ड्रॉ' शब्दाचा दुसराच अर्थ घेतला होता. भाषांतराची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी. मी 'काढा' केलं आणि पाठवून दिलं. ज्यांच्याकडे ते काम होतं त्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी विचारलं, आधीचं चूक कसं? मी दोन ओळींत ओढणं आणि काढणं समजावून सांगितलं. पुढच्या आवृत्तीत ते आलं. एका शब्दासाठी इतक्या लांबच्या माणसाने वेळ दिला, याचं मला फार वाटलं.

पेठच्या गुरुजी, तुमच्या पाच संगणकांना इंटरनेट नाही म्हणजे नव्या आवृत्त्या पोचत नसतील. मी पेन ड्राइव्हवर सगळं उतरवून ठेवलंय. रविवारी शाळा उघडून द्याल का? सकाळच्या एसटीने येते.