मदत हवी आहे: ताऱ्यांचा नकाशा बनवायलो, सगळे तारे एका ठिपक्यात जमायलेत

गोदाकाठ_नांदेड
आमच्या साय-फाय आरपीजीसाठी (टेबलावर बसून खेळायचा भूमिका-खेळ) नकाशाचं सॉफ्टवेअर लिहायलो. सूर्यापासून २० प्रकाशवर्षांतले खरे तारे आणि त्यांच्यात जहाजाच्या उड्यांचे मार्ग, एवढंच पाहिजे. फाईल लोड होते, एरर काहीच नाही. पण स्क्रीनवर मधोमध एक ठिपका, बाकी काळं. झूम केलं तर तारे एकाच बाजूला दिसायलेत. शनिवारी खेळ आहे, लवकर सांगा.

मांजरा_लातूर
यादी कोणती? भाषा कोणती? अंतर कशात आहे? हे न सांगता कोण काय सांगणार? फाईलची पहिली ओळ आणि व्याध ताऱ्याची ओळ इथं टाका.

बीड_बायनरी
पायथॉन असेल तर आधी सायपाय लायब्ररीचं सीकेडीट्री (जवळचे बिंदू झटपट शोधणारं साधन) घ्या. सव्वा लाख ताऱ्यांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या म्हटलं तर सातशे कोटींच्या वर जातात, लॅपटॉप आडवा होईल. त्यातल्या क्वेरी-पेअर्स फंक्शनला उडीचं अंतर दिलं की मार्ग तयार.

गोदाकाठ_नांदेड
अहो, मार्गापर्यंत पोचलोच नाही अजून! पायथॉन, आलेख काढायला मॅटप्लॉटलिब, एचवायजीची (हिप्पार्कोस, येल आणि ग्लीज या तीन तारायाद्या एकत्र केलेली) सीएसव्ही. व्याध: आरए (आकाशातले रेखांश) ६.७५, डेक (आकाशातले अक्षांश) -१६.७२, डिस्ट (अंतर) २.६४.

मांजरा_लातूर
आता कळलं. तीन गोष्टी आहेत.

ठिपका: ज्या ताऱ्यांचा पॅरलॅक्स (पृथ्वी फिरते तसा तारा किती सरकलेला दिसतो ते माप, त्यावरून अंतर काढतात) भरवशाचा नाही त्यांना या फाईलीत १,००,००० पार्सेक (१ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं) अंतर लिहिलेलं असतं. अक्ष तिथपर्यंत ताणले जातात आणि आपले शेजारी मधे चिरडतात. नकाशा काढण्याआधीच ते तारे गाळा.

एक बाजू: आरए तासांत आहे, ० ते २४. तुम्ही ते अंश धरून रेडियनमध्ये बदललं असणार, म्हणून सगळं आकाश संत्र्याच्या फोडीएवढं झालं. आधी १५ ने गुणा, मग रेडियन. एक्स = अंतर × कॉस(डेक) × कॉस(आरए), वाय = अंतर × कॉस(डेक) × साइन(आरए), झेड = अंतर × साइन(डेक). व्याध -०.४९, २.४८, -०.७६ आला पाहिजे. वाय ०.३० येत असेल तर १५ ने गुणायचं राहिलं.

तिसरं तुम्ही विचारलं नाही, पण अडणार आहे. डिस्ट पार्सेकमध्ये आहे. "२० पेक्षा कमी" लिहिलं तर ६५ प्रकाशवर्षांतले तारे येतील. चाळणी ६.१३ वर लावा.

अंबड_ऑर्बिट
सूत्र कशाला? त्याच फाईलीत एक्स, वाय, झेड तयार रकाने आहेत, पार्सेकमध्येच. थेट घ्या.

मांजरा_लातूर
आजचं भागेल. पण उद्या गाया (युरोपच्या अवकाश दुर्बिणीची नवी तारायादी) जोडलं की सूत्र लागणारच. गायात आरए अंशात असतं, तिथं १५ ने गुणलं की पुन्हा विचका. आणि गाया जोडावंच लागेल: हिप्पार्कोसची यादी १९९७ ची, मंद लाल बटू तारे त्यात थोडेच. ग्लीजच्या यादीनं थोडी भर पडते, तरी लुमान १६ ही ६.५ प्रकाशवर्षांवरची जोडी २०१३ ला जाहीर झाली, ती दोन्हींत नाही. उलट व्याधासारखे फार तेजस्वी तारे गायाला झेपत नाहीत. दोन्ही याद्या लागतात.

परभणी_फासे
संगणक कशाला पाहिजे? कागदावर ८ बाय १० षट्कोन आखा, प्रत्येकासाठी एक फासा टाका, ४ ते ६ आला की तारा. अर्ध्या तासात खेळ सुरू. टेबलावर त्रिमिती कोणालाच कळत नाही.

अंबड_ऑर्बिट
दादा, त्यांना खरे तारे पाहिजेत. खरं आकाश सपाट केलं की वर-खालचं अंतर नाहीसं होतं आणि लांबचे तारे शेजारी वाटतात. प्रत्येक ताऱ्यापासून सूर्याच्या पातळीवर उभी रेघ सोडली तर टेबलावरही कळतं.

बीड_बायनरी
रेघा काढा, पण सीकेडीट्री सोडू नका.

मांजरा_लातूर
बीडवाले भाऊ, २० प्रकाशवर्षांत तारे शंभराच्या आसपास. पाच हजार जोड्यांना दोन फॉर लूप पुरतात. गाया आलं की तुमचं झाड लावू.

जालना_जोडाक्षर
नावं मराठीत देणार असाल तर आत्ताच सांगतो: मॅटप्लॉटलिबमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलतीकडे जाते. ब्राउझरमध्ये काढलं तर नीट दिसतात. २० प्रकाशवर्षांच्या आत ओळखीची नावं तशी कमीच: मित्र (अल्फा सेंटॉरी), व्याध, प्रश्वा, श्रवण. अभिजित २५ वर, तो बाहेर राहतो.

गोदाकाठ_नांदेड
१५ नं काम झालं, व्याध बरोबर जागेवर. मांजरा सर, लई आभार. पण मित्र तीनदा दिसायलाय, आणि उडी ५ प्रकाशवर्षं ठेवली तर जहाज तिथंच अडकायलंय. असं काहून?

मांजरा_लातूर
मित्र म्हणजे तीन तारे: ए, बी आणि प्रॉक्झिमा, तिघांच्या ओळी वेगळ्या आहेत. ग्लीजच्या जोड्यांना 'बेस' रकान्यात एकच नाव असतं, त्यावर गट करा. प्रॉक्झिमा त्यात येणार नाही, तिचा ग्लीज क्रमांक ५५१ आणि मित्राचा ५५९. म्हणून ०.३ प्रकाशवर्षांच्या आतले सगळे एक प्रणाली, ही अटही लावा. जोडीतल्या दोघांचा पॅरलॅक्स कधी वेगवेगळा मोजलेला असतो, त्यामुळे नुसत्या अंतरावरही विसंबू नका. गट आधी, मार्ग नंतर, नाहीतर प्रॉक्झिमाला जायलाही एक उडी खर्च होईल.

उडीचं म्हणाल तर ५ मध्ये सूर्यावरून मित्राशिवाय काहीच हाती लागत नाही. बर्नार्डचा तारा ५.९६ वर आहे. ७ ठेवा, आणि कोडमध्ये आकडा पक्का न लिहिता वर स्लायडर द्या. मग जहाजागणिक उडी बदलता येईल.