नॉर्वे आणि चिली: विषुववृत्ताला जवळ असलेल्या देशातच हिमनदी समुद्राला का मिळते?

प्रश्न : नकाशावाचक

नमस्कार. नॉर्वे आणि चिली यांच्या भूगोलाची तुलना करणारे एक टिपण मी तयार करीत आहे. दोन्ही देश लांबट आणि चिंचोळे आहेत, दोन्हींच्या पश्चिमेला महासागर आणि पाठीशी डोंगर आहेत, दोन्हींच्या किनाऱ्यावर फियॉर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या आणि समुद्राचे पाणी शिरलेल्या खोल दऱ्या, आहेत. त्यामुळे विषुववृत्ताच्या दोन बाजूंना एकाच देशाच्या दोन प्रती आहेत, असे गृहीत धरून मी सुरुवात केली होती. अक्षांश शेजारी शेजारी मांडले तेव्हा ते गृहीतक डळमळीत झाले. नॉर्वेची मुख्य भूमी ५८ अंश उत्तरेच्या आसपास सुरू होऊन ७१ अंशांपर्यंत जाते, तर चिली १७.५ अंश दक्षिणेपासून केप हॉर्नजवळच्या ५६ अंशांपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे चिली जेवढ्या अंतरावर संपतो, त्याहून दूर गेल्यावर नॉर्वे सुरू होतो. असे असूनही चिलीतील सान राफाएल हिमनदी जेमतेम ४६ अंश ४१ मिनिटांवर, उत्तर गोलार्धात मध्य फ्रान्स येतो त्या अक्षांशावर, समुद्राशी जोडलेल्या खाजणापर्यंत उतरते आणि तिचे कडे तुटून पाण्यात पडतात. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर मात्र आज एकही हिमनदी समुद्रापर्यंत पोहोचत नाही. नॉर्वेला उष्ण गल्फ प्रवाह आणि चिलीला शीत हंबोल्ट प्रवाह लाभला आहे, एवढ्यावर याचा उलगडा होतो का?

उत्तर १ : हिमरेषा

होत नाही, आणि त्याचे कारण नकाशातच आहे. पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारा सागरी प्रवाह चिलीच्या किनाऱ्याला साधारण ४५ अंशांच्या आसपास थडकतो आणि दुभंगतो. त्याची उत्तरेकडे वळणारी शाखा म्हणजे हंबोल्ट प्रवाह. सान राफाएल या फाट्याच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथल्या बर्फाचा दोष हंबोल्टला देता येत नाही.

आपण हिवाळ्याकडे पाहत आहात. उन्हाळ्याकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. बर्गेन ६० अंश उत्तरेला आहे, पुंता अरेनास ५३ अंश दक्षिणेला. दोन्ही शहरांत हिवाळ्यातल्या सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमान १ ते २ अंश सेल्सियसच्या घरातच असते. परंतु बर्गेनचा जुलै १४-१५ अंशांपर्यंत चढतो, तर पुंता अरेनासचा जानेवारी १०-११ अंशांवरच थांबतो. दक्षिण गोलार्धात या पट्ट्यात जमीन फारच थोडी आहे आणि पाणी उन्हाने लवकर तापत नाही, म्हणून तिथला उन्हाळा खऱ्या अर्थाने उन्हाळा होतच नाही. हिमनदी टिकते ती हिवाळ्यातल्या कडाक्याने नव्हे. साठलेला बर्फ उन्हाळ्यात पुरता वितळला नाही, तरच ती टिकते.

त्यात भर उंचीची. सान राफाएल ज्या हिमक्षेत्रातून उतरते, तिथले सान व्हॅलेंटिन शिखर सुमारे ४,००० मीटर उंच आहे. नॉर्वेतील सर्वोच्च गाल्डहॉपिगेन २,४६९ मीटरांचे. महासागरावरून येणारी ओली हवा या भिंतीला अडते आणि वर्षाला कित्येक मीटर पाण्याइतका बर्फ वर टाकते. एवढा बर्फ मागून रेटत असताना हिमनदीचे टोक सौम्य हवेतही वितळण्याआधी पाण्यापर्यंत पोहोचते. तिच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर सदाहरित जंगल आहे. निळसर बर्फ आणि हिरवी झाडी एकाच चौकटीत दिसतात, यावरूनच हा प्रदेश ध्रुवीय नाही हे लक्षात यावे.

उत्तर २ : वातकुक्कुट

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. गल्फ प्रवाहाविषयी मात्र थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण शाळेपासून आपण सारे तेच एक कारण घोकत आलो आहोत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कातील सिटका येथेही, ५७ अंशांवर असूनसुद्धा हिवाळा सौम्य असतो, आणि तिथे गल्फ प्रवाह नाही. समुद्राने उन्हाळ्यात साठवलेली उष्णता पश्चिमी वारे हिवाळ्यात किनाऱ्यावर आणतात, हे दोन्हीकडचे समान सूत्र आहे. २००२ साली हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, युरोपच्या सौम्य हिवाळ्यात या वाऱ्यांचा, तसेच रॉकी पर्वतामुळे त्यांना मिळणाऱ्या नागमोडी वळणाचा वाटा प्रवाहापेक्षा मोठा आहे. तरीही उत्तर नॉर्वेपुरते प्रवाहाचे श्रेय नाकारू नये. ७० अंशांच्या पलीकडचे हामरफेस्ट बंदर हिवाळ्यातही गोठत नाही, ते उष्ण पाणी तिथवर पोहोचते म्हणूनच.

उत्तर ३ : धुक्याची जाळी

चर्चा दक्षिणेतच अडकली आहे, म्हणून उत्तर चिलीविषयी लिहितो. हंबोल्ट प्रवाहाचे खरे कार्यक्षेत्र तेच. आरिका येथे वर्षाचा सरासरी पाऊस १ मिलीमीटरही भरत नाही. बर्गेनला तो २,००० मिलीमीटरच्या वर जातो. थंड पाण्यावरची हवा खाली गार आणि वर उबदार राहते, त्यामुळे वर चढून पाऊस देत नाही; प्रशांत महासागरावरील प्रत्यावर्तात हवा सतत खाली बसत असते, आणि पूर्वेकडून येऊ शकणारे बाष्प अँडीज अडवतो. तीनही दारे बंद.

पाऊस नसला तरी हवा कोरडी असतेच असे नाही. किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर 'कामांचाका' नावाचे दाट धुके चढते. त्या धुक्यात मी पहाटे तासभर उभा होतो; चष्म्याच्या काचांवरून पाणी ओघळत होते, जाकिटाच्या बाह्या ओल्या झाल्या होत्या आणि पायाखालची माती मात्र बुटाने उकरली तर धूळ उडावी इतकी सुकी होती. चुंगुंगो या मच्छीमारांच्या गावाला १९९० च्या दशकात याच धुक्यातले पाणी मिळत असे. डोंगरावर उभ्या ताणलेल्या प्लास्टिकच्या जाळ्यांवर थेंब जमत, खालच्या पन्हळीत उतरत आणि नळाने गावात येत. पुढे देखभाल थांबली आणि ती व्यवस्था बंद पडली, याची मला आजही हळहळ वाटते.

नॉर्वेतही पर्जन्यछाया आहे. शोक या दरीत वर्षाला ३०० मिलीमीटरहूनही कमी पाऊस पडतो, त्यामुळे तिथले शेतकरी फार पूर्वीपासून पाट काढून शेतीला पाणी देत आले आहेत. चिलीच्या दक्षिण भागातली पर्जन्यछाया मात्र सीमेपलीकडे, अर्जेंटिनातल्या पॅटागोनियावर पडते.

नकाशावाचक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या तक्त्यात दोन्ही देशांसाठी 'वार्षिक सरासरी तापमान' असा एकच रकाना होता. तो काढून उन्हाळा आणि हिवाळा असे दोन वेगळे रकाने करीत आहे. चिलीचे तीन भाग पाडून प्रत्येकापुढे कोणता प्रवाह लागू आहे, हेही नोंदवीन. फियॉर्डविषयी मात्र एक शंका उरली आहे. सोग्नेफियॉर्ड आत १,३०८ मीटर खोल असून मुखाशी त्याचा उंबरठा, म्हणजे तळाचा उंचवटा, बराच उथळ आहे. चिलीच्या फियॉर्डांनाही असाच उंबरठा असतो का?

हिमरेषा

अनेकांना असतो. हिमनदी दरीत दाटून वाहते तेव्हा तळ खोल कोरते; मुखाशी ती पसरते, तरंगू लागते, तिचा जोर ओसरतो आणि वाहून आणलेला दगडगोटा तिथेच पडतो. ही क्रिया दोन्हीकडे एकच आहे. फरक डोंगरांच्या वयात आहे: नॉर्वेतल्या पर्वतरांगेची मूळ घडण सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीची, तर अँडीज अजून घडतो आहे. १९६० साली चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तो त्याच घडणीचा भाग होता. तक्त्यात एक रकाना त्यासाठीही ठेवावा.